सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्यावी का?

प्रिय मुली,

पक्ष्यांच्या फोटोंसाठी २००-६०० मिमीची झूम लेन्स घ्यायची म्हणून पैसे साठवत आणलेस आणि आता घरचे म्हणतायत, एवढी रक्कम एका काचेत घालायची का? त्यांचं चुकत नाही. पण उत्तर तुझ्या हार्डडिस्कमध्येच आहे. गेल्या हिवाळ्यातले, तुझ्या मते जमलेले फोटो काढ आणि प्रत्येक किती मिलिमीटरला टिपलाय ते बघ (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). बहुतेक तुझ्या ७०-३००च्या टोकाला, म्हणजे ३००वर असतील आणि वर तू कडा कापून ते निम्मे केले असशील, तर गरज खरी आहे. ३००वरून ६००वर गेलं की पक्षी लांबी-रुंदीत दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळात चौपट होतो. तुझ्याकडे १००-४०० असती तर मी थांबच म्हटलं असतं. चारशेवरून सहाशेला फक्त दीडपट होतो.

आता तू जातेस कुठे, ते बघ. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडी जवळ नेता येते आणि रोहित पक्षी काही लहान नसतो. तिथे ४०० पुरते. (होडीवाल्याला थवा उडवायला सांगू नकोस, कितीही मोह झाला तरी.) पुण्याजवळच्या कवडीपाटला मात्र चिखलातले तुतारी पक्षी लांब असतात. तिथे ६००चं चीज होतं, पण सकाळीच. उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग महागडी लेन्ससुद्धा तीच थरथर मोठी करून दाखवते.

सिंहगडच्या पायथ्याची झाडी ही वेगळीच भानगड. सावलीत स्वर्गीय नर्तक पक्षी टिपायचा तर एफ ६.३ला (या लेन्सचं ६००वरचं सगळ्यात मोठं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवावी लागते आणि फोटो दाणेदार होतो. एफ २.८ची लेन्स साधारण पाचपट उजेड आत घेते, पण त्या लांबीत तिची किंमत विचारूही नकोस. स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे लेन्समधल्या कंप कमी करणाऱ्या सोयीवर, विसंबू नकोस. ते तुझा हात सावरतं, पक्ष्याला थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर लागतंच.

आणि वजन! सोनीची २००-६०० सुमारे २.१ किलो, निकॉनची २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २.३. दुकानात हातात घेतली की छान वाटते. म्हणून आधी शनिवार-रविवार भाड्याने घे. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. शनिवारी सगळ्यांनाच उत्साह असतो. रविवारी पहाटे ती गळ्यात अडकवून निघालीस तर घे. घरीच ठेवून जुनी ७०-३०० उचललीस तर पैसे बँकेत राहू देत.

सेकंडहँड मिळाली तर मागून टॉर्च मारून आतल्या काचेवर बुरशीचं जाळं दिसतंय का पाहा. पुण्याच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, म्हणून ड्राय कॅबिनेट किंवा निदान सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हिशोबात धर. पुढच्या ९५ मिमीच्या काचेवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावू नकोस, लेन्सच्या तोंडावर बसवायचा हूड पुरतो.

लेन्स भाड्याने घेशील त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी ये. माझा मोनोपॉड (एकपायी स्टँड) रिकामाच पडलाय, तो घेऊन जा.

तुझा,
काका