जुन्या पीसीवर गेमिंग: वीस हजार कशावर घालायचे आणि कशावर नाही

भावा, वीस हजारांत हा जुना पीसी गेमिंगसाठी कसा सुधारायचा, हा तुझा प्रश्न नीट वाचला. आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). जीटीए ५ अडकत चालतं, व्हॅलोरंटमध्ये ऐन फाइटला एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, मधूनच मशीन आपोआप बंद होतं. दुकानदार म्हणतोय, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड टाक, काम झालं.

ते कार्ड तुझ्या बोर्डवर अजिबात घेऊ नको. ६५०० एक्सटी स्लॉटच्या (कार्ड बसवायच्या खाचेच्या) सोळापैकी फक्त चार लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, वापरतं. या स्लॉटच्या नंतरच्या पिढीच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डवर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, म्हणून तिथं ते खपून जातं. एच८१ चा स्लॉट आहे जुन्या २.० चा. तिथं त्याच चार लेनमधून जेमतेम २ जीबी जाणार. त्यात कार्डची मेमरी ४ जीबीच. ती भरली की गेम साध्या रॅमकडे धाव घेतो, आणि नेमका तोच रस्ता अरुंद. म्हणजे पैसे नव्या कार्डाचे जाणार आणि अडकणं तसंच राहणार. आरएक्स ६४०० चीही हीच गत. तुला पूर्ण सोळा लेनचं कार्ड पाहिजे: सेकंड हँड जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी, नाहीतर आरएक्स ५८० ८ जीबी. ५८० घेताना जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडर (कार्डातली गणितं करणारे भाग) मोज. २३०४ पाहिजेत; २०४८ दिसले तर ते नावाला ५८० आहे, सोडून दे. शिवाय ते १८५ वॅट खातं, १६६० सुपर १२५. म्हणून माझी पसंती १६६० सुपरला.

पण कार्ड ही शेवटची खरेदी. तू लिहिलंयस की पीसी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर असतो. मग आधी कॅबिनेट उघड. तिथली धूळ घरातल्यासारखी नसते. बीड (ओतीव लोखंड) कापताना, घासताना उडणारी काळी भुकटी त्यात असते, आणि ती वीज वाहून नेते. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पात्यांत ती तेलकट थर धरून बसते. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नको, तिच्यात पाणी आणि तेल येतं. मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापर, हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेव. कूलर काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, नवी लाव. परत बसवताना चारही पिना कट्ट वाजल्या पाहिजेत. एक जरी पिन अर्धवट राहिली तर कूलर तिरका बसतो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

मग एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून अर्धा तास खेळ. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. व्हॅलोरंटमधली तुझी पडझड त्यानंही होत असेल. तापमान ठीक असूनही मशीन झटक्यात बंद झालं, तर एसएमपीएसवर संशय घ्यायचा. त्याच्या लेबलवर ४५० वॅट लिहिलं असेल, पण तू १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाच. तिथं १८ असेल तर खरी ताकद २१६ वॅट. नवं कार्ड आणि प्रोसेसर मिळूनच दोनशेच्या वर जातात. मोठी मशीन चालू झाल्यावर तुमच्याकडे दिवे मंद होत असतील तर त्याच्यावर आणखी ताण. मोलेक्स या चार पिनच्या जुन्या प्लगपासून कार्डासाठी आठ पिनचा कनेक्टर बनवून देतो म्हणणाऱ्याला हात जोड. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीचा नवा एसएमपीएस घे. ही एक गोष्ट जुनी घ्यायची नाही.

माझं सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे: जे उद्या नव्या मशीनमध्ये जाईल त्यावरच मोठा पैसा घाल. एसएमपीएस जातो, एसएसडी जाते, कार्ड जातं. डीडीआर३ रॅम आणि ११५० सॉकेटचा प्रोसेसर जात नाही, म्हणून तिथं हात आखडता. रॅमची दुसरी आठ जीबीची सेकंड हँड कांडी मात्र घे, कारण दोन कांड्या असल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्यांतून एकदम डेटा जाणं) चालू होतं आणि जीटीएचं अडकणं बरंच कमी होतं. हा बोर्ड १६ जीबीच्या वर घेत नाही, तेवढ्यावरच थांबायचं. आय७-४७७० अगदी स्वस्तात मिळाला तर ठीक, आठ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) मिळतील. त्यासाठी कार्डाच्या पैशांना हात लावू नको.

एसएसडी साटाची (हार्ड डिस्कसारखी केबलनं जोडायची) घे, या बोर्डावर एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकारची एसएसडी) साधेपणानं चालत नाही. चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे आहेत, बोर्डवर लिहिलेलं वाचून त्यातच लाव. विंडोज आणि चालू गेम तिच्यावर, बाकी पसारा जुन्या डिस्कवर.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कुणीतरी तुला जुगाड करून ११ टाकून देईल. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर टाकू नको. ११ वर ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मदरबोर्डवरच्या सुरक्षेच्या सोयी मागतं, तुझ्या मशीनमध्ये ते जमायचं नाही. १० वरच राहा, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नको.

राजारामपुरीत किंवा ऑनलाइन, जुनं कार्ड कुठंही मिळालं तरी समोर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्क्रीनवर ठिपके, रंगीत पट्टे किंवा पंख्याचा खरखराट आला तर माघारी ये. जाताना टेपनं कॅबिनेटची आतली लांबी मोजून घे. आणि तुझा मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर त्याच दिवशी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरही आण, १६६० सुपरला व्हीजीए पोर्ट नसतो.