गावच्या डीपीवर सोलर किती बसेल?

प्रश्न: आमच्या वस्तीला 63 केव्हीएचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. चौदा घरांवर 3-3 किलोवॅटचं सोलर बसलंय. माझं घर लाईनीच्या टोकाला आहे आणि भर दुपारीच माझा इन्व्हर्टर (सोलरची वीज लाईनीजोगी करणारं मशीन) सारखा बंद पडतो. मशीन खराब निघालं का? आणखी दोघांना सोलर बसवायचंय, डीपी तेवढं झेपवेल का?

उत्तर: दादा, मशीन बदलायची घाई करू नका. उद्या ऊन तापल्यावर इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टचा आकडा बघा. 250 च्या पुढे जात असेल, तर दोष लाईनीत आहे. चारीच्या टोकाला पाणी पोचत नाही, हे आपण रोज बघतो. सोलरचं उलटं असतं. दुपारी माणसं रानात, घरं बंद, वीज खपत नाही. मग ती बारीक तारेतून मागे डीपीकडे ढकलली जाते आणि टोकाच्या घरी दाब वाढतो. साधारण 253 व्होल्टला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तसंच व्हायला हवं, नाहीतर घरातले फ्रीज-टीव्ही जळतील.

आता हिशेब. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2015 च्या नियमांत एका डीपीवर त्याच्या क्षमतेच्या 40 टक्के सोलर चालायचं. 2019 च्या नियमांनी ते 70 टक्के केलं. 63 चे 70 टक्के म्हणजे साधारण 44 किलोवॅट. तुमच्या चौदा घरांचं मिळून 42 झालंच आहे. म्हणून त्या दोघांनी बसवू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. 2024 पासून 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, आणि 5 किलोवॅटपर्यंत लाईन-डीपी सुधारायचा खर्च वीज कंपनीचा. अर्जासोबत दुपारच्या व्होल्टचे आठ दिवसांचे आकडे, वेळ घालून, लेखी द्या. तोंडी तक्रारीचं काही होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

लाईनमनला एक गोष्ट नक्की विचारा: चौदाही इन्व्हर्टर एकाच फेजवर (डीपीच्या तीनपैकी एकाच तारेवर) तर नाहीत ना? सिंगल फेज जोडण्या बहुतेक वेळा जवळच्या तारेवर टाकलेल्या असतात. त्या तिन्ही फेजवर वाटल्या, तर नवी तार न ओढताही बराच फरक पडतो. तुमच्या हातातलं म्हणजे कडबाकुट्टी, गिरणी, टाकी भरायची मोटर सकाळी न लावता बारा ते तीनमध्ये लावा. वीज जागेवरच खपली की दाब उतरतो.

शेतीच्या फिडरचं, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाईनीचं, गणित याहून सोपं आहे. 5 एचपीची मोटर जवळपास पावणेचार किलोवॅट ओढते, आणि वीज दिवसाची असेल तर तेही उन्हातच. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी चालू असताना अशा दहा मोटरी 37 किलोवॅट सहज पचवतात. अडचण येते ती पावसाळ्यातल्या उघडिपीत. ऊन लख्ख आणि मोटरी बंद. सौर कृषी वाहिनी योजनेतले मोठे सौर प्रकल्प मात्र डीपीवर न जोडता उपकेंद्राला जोडतात.

‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ मधला पंप लाईनीला जोडलेलाच नसतो, त्यामुळे तो या हिशेबात धरू नका.