तक्ता वडिलांचा, वर्ष मुलीचे

पत्र: माझी शिरोलीला फाउंड्री आहे. मुलीला बारावीत 84 टक्के व जेईई मेन्समध्ये 88 पर्सेंटाइल मिळाले. तिला इथेच बी.एस्सी. करून संख्याशास्त्र घ्यायचे आहे. मी मात्र निर्णयशास्त्राचा अभ्यास करून तक्ता मांडला आहे. एक वर्ष रिपीट केल्यास आयआयटी 50 टक्के (पगार 40 लाख), एनआयटी 40 टक्के (15 लाख), दोन्ही न मिळणे 30 टक्के (4 लाख). अपेक्षित मूल्य (प्रत्येक शक्यता गुणिले पगार, यांची बेरीज) 27.2 लाख. संख्याशास्त्र खात्रीचे, पण 8 लाखच. भावना आकड्यांत धरलेल्या नाहीत. तक्त्याचा फोटो जोडला आहे. कोटा की लातूर, एवढेच सांगावे.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

कोटा की लातूर या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण आपण पाठवलेल्या फोटोत मला दुसराच प्रश्न दिसला. ‘दोन्ही न मिळणे’ या ओळीत आपल्या 30 च्या शेजारी वेगळ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, 65 लिहिलेले आहे आणि ते खोडण्याचा प्रयत्न झालेला आहे. ते कोणी लिहिले हे मी ओळखू शकतो. कोणी खोडले, याचाही अंदाज येतो. पत्रात मात्र या आकड्याचा उल्लेख नाही.

‘संभाव्यता व्यक्तिनिष्ठ असते, म्हणून मी माझे आकडे घातले,’ असे आपल्यासारखे अनेकजण मानतात आणि इथेच गफलत होते. व्यक्तिनिष्ठ म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे. केंब्रिजच्या गणितज्ञ फ्रँक रॅम्सीने 1926 मध्ये, आणि काही वर्षांनी इटलीच्या ब्रुनो द फिनेत्तीने स्वतंत्रपणे, विश्वास मोजण्याची जी रीत सांगितली ती आपल्या शाहू स्टेडियमवर बसणाऱ्या कोणालाही पटेल. फुटबॉलच्या सामन्यात पाटाकडील संघ जिंकणार असे छाती ठोकून सांगणारा माणूस, जिंकल्यास 100 रुपये देणाऱ्या पैजेसाठी जास्तीत जास्त किती रुपये मोजायला तयार आहे ते पाहावे. त्याचा खरा विश्वास तेवढाच. आता आपला तक्ता याच कसोटीला लावू. तीन निकालांची तीन तिकिटे आहेत आणि ज्याचा निकाल लागेल त्या तिकिटावर 100 रुपये मिळतात, असे समजा. आपल्या आकड्यांप्रमाणे आपण ती 50, 40 आणि 30 रुपयांना आनंदाने घ्याल, म्हणजे 120 रुपये मोजाल. निकाल कोणताही लागो, हातात 100 च येतील. असे आकडे बाळगणाऱ्याला कोणीही ठरवून लुटू शकतो, आणि या शास्त्राने घातलेली पहिली अट हीच आहे की विश्वास एकमेकांशी सुसंगत असावेत. दुसरी गोष्ट, समोर पुरावा असताना त्याच्याकडे पाठ फिरवू नये: 2024 मध्ये खुल्या गटातून ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, नुसते बसण्यासाठीच सुमारे 93 पर्सेंटाइल लागले होते, आणि त्या परीक्षेला पात्र ठरणाऱ्या सुमारे अडीच लाख मुलांसाठी सर्व आयआयटींत मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास असतात. एका वर्षात मुले पुष्कळ पुढे जातात, हे मला मान्य आहे. पण 50 हा आकडा पुराव्यातून आलेला नाही, इच्छेतून आलेला आहे. पेन्सिलीतला 65 मला त्याहून प्रामाणिक वाटतो.

आता पगाराच्या रकान्याविषयी. रुपया म्हणजे उपयुक्तता (माणसाला वाटणारे मोल) नव्हे, हे गणितज्ञ डॅनिएल बर्नुलीने 1738 मध्येच सांगितले: तेच शंभर रुपये गरिबाला जेवढे मोलाचे, तेवढे श्रीमंताला नसतात. आपण स्वतःही निव्वळ अपेक्षित रुपयांवर चालत नाही. पुराच्या भीतीने कारखान्याचा विमा उतरवणारा प्रत्येक उद्योजक, सरासरीने परत मिळेल त्याहून अधिक हप्ता भरत असतो, आणि तरीही तो शहाणाच ठरतो. मग मुलीच्या बाबतीतच लाखांचा सरळ गुणाकार का?

‘भावना आकड्यांत धरलेल्या नाहीत’ हे वाक्य आपण अभिमानाने लिहिले आहे असे वाटते. स्पष्ट बोलतो, राग मानू नये: ज्याला आपण भावना म्हणता, त्याच पसंतीला हे शास्त्र उपयुक्तता म्हणते, आणि ती वगळल्यावर तक्त्यात निर्णयशास्त्र उरत नाही, फक्त पगारपत्रक उरते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेजने 1954 मध्ये या विषयाची जी मांडणी केली, तिच्यात संभाव्यता आणि उपयुक्तता या दोन्ही एकाच माणसाच्या पसंतीतून निघतात; म्हणजे निवडणाऱ्याच्या. आपल्या तक्त्यात विश्वास वडिलांचा आहे, किंमत बाजाराची आहे आणि खर्ची पडणारे वर्ष अठरा वर्षांच्या मुलीचे आहे. तिघांचा गुणाकार करून आलेले 27.2 लाख कोणाचे, हे मला सांगता येणार नाही.

संख्याशास्त्राच्या वाटेबद्दल थोडक्यात: शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ची सोय आहे, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, आणि पुढे यूपीएससीमार्फत होणारी इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस किंवा विमा क्षेत्रातील ॲक्चुअरीच्या (जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा आहेत. आणि जाता जाता, जो गुणाकार आपण हौसेने शिकलात तो तिला पदवीला रीतसर शिकवला जाईल.

तिची उपयुक्तता मोजायची असेल तर एक जुनी पद्धत आहे. तिला असे विचारावे: ‘एका हाताला संख्याशास्त्राचा खात्रीचा प्रवेश आहे. दुसऱ्या हाताला एक सोडत आहे. लागली तर आयआयटी, नाही लागली तर एक वर्ष गेले आणि आयआयटीही नाही, एनआयटीही नाही. सोडत लागण्याची शक्यता किती असेल तर तू खात्रीचा प्रवेश सोडशील?’ ती 20 म्हणाली तर रिपीट करण्याचा विचार जरूर व्हावा, आणि मग कोटा-लातूरबद्दलही बोलू. ती 95 म्हणाली, तर प्रश्न मिटला. प्रथम वर्षाच्या प्रवेशाची मुदत संपण्याआधी हे विचारावे, उत्तर तिला कोऱ्या कागदावर पेनाने लिहू द्यावे, आणि ती लिहीत असताना आपण शेजारी बसू नये.