पहिला प्लेबॅक प्रयोग लावताय?

१९७५मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी सुरू केलेल्या प्लेबॅक थिएटरला संहिता नसते. प्रेक्षक स्वतःची गोष्ट सांगतो, नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. चार नट, एक वादक, एक सूत्रधार पुरतात. मंचाच्या कडेला दोन खुर्च्या: सूत्रधाराची आणि सांगणाऱ्याची.

सुरुवातीलाच 'गावाचं दुःख सांगा' म्हणू नका, सगळे गप्प बसतील. 'आज इथे येताना मनात काय होतं?' एवढंच विचारा आणि मिळालेल्या प्रत्येक वाक्यावर अर्ध्या मिनिटाचं हलतं शिल्प करा, म्हणजे नटांनी एकेक करून पुढे येऊन हालचाल आणि आवाजातून ती भावना दाखवायची. तीन-चार झाली की कुणीतरी आपणहून खुर्चीकडे येतं.

सूत्रधाराने घ्यायची सांगणाऱ्याची मुलाखत पाच मिनिटांच्या आत. कुठे, कधी, कोण, तेव्हा कसं वाटलं. आपली भूमिका कोण करणार हे सांगणाऱ्यालाच निवडू द्या. मग 'बघूया' म्हणा आणि सूत्रधाराने तोंड मिटायचं. सगळं आधीच खोदून विचारलं की नटांच्या हाती नुसती नक्कल उरते.

नवे नट हमखास शेवट गोड करतात. सांगणाऱ्याच्या गोष्टीत, समजा, विहिरीवरचं भांडण मिटलं नसेल तर मंचावरही मिटवू नका. शेवटी सगळ्यांनी सांगणाऱ्याकडे पाहायचं. सूत्रधाराच्या 'असंच होतं का?' यावर 'नाही' आलं, तर तेवढाच तुकडा पुन्हा करा. आणि लहान गावात नावं बदला, हजर नसलेल्या माणसाची टिंगल तर नकोच.