लिनक्स पुन्हा टाकू नका, आधी तारीख बघा

सर, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जत तालुक्यातली वस्तीवरची शाळा, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसीचे (मदरबोर्डवरच बसवलेल्या साठवणीचे) १२ लॅपटॉप, त्यातल्या ७ वर डेबियन १२ आणि ५ वर अँटीएक्स, ही दोन्ही लिनक्सचीच रूपं. किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडियासारखी पानं वाचायचा प्रोग्राम) आणि कोलिब्री (इंटरनेटशिवाय अभ्यास करायचा प्रोग्राम) यांच्यासाठी एक जुना डेस्कटॉप सर्व्हर. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सर्व्हर काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ (लिनक्स सुरू होण्याचा पहिला टप्पा) लिहून थांबलाय, लॅपटॉपवर बाहेरची पानं ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतात, आणि तुम्ही विचारताय की यापेक्षा हलकं लिनक्स कोणतं टाकू. कोणतंच टाकू नका. २ जीबीत हीच दोन्ही छान चालतात. झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून जागा वाचवणारी सोय) चालू ठेवा आणि ब्राउझरचे टॅब कमी उघडा, एवढं पुरे.

तुम्ही लावलेल्या फोटोत खालची ओळ आहे ‘रन एफएससीके मॅन्युअली’, म्हणजे डिस्क तपासणारा एफएससीके हा प्रोग्राम हाताने चालवा. ती वाचून सगळेच घाबरतात. खरा आजार तिच्या वरच्या ओळीत आहे: ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर’. म्हणजे डिस्क सांगतेय की मला शेवटचं यंदाच्या एप्रिलमध्ये जोडलं होतं, आणि मदरबोर्डचं घड्याळ सांगतंय की अजून कित्येक वर्षांपूर्वीचा जानेवारीच चालू आहे. तपासणीचा प्रोग्राम या गोंधळात पुढे जायला नकार देतो. फोटोत तरी डिस्क खराब असल्याचं काही दिसत नाही. मदरबोर्डवरचा सेल संपलाय.

सर्व्हरची वायर काढा, झाकण उघडा, सीआर२०३२ नावाचा गोल सेल बदला, अधिकची खूण असलेली बाजू वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर त्याचं आयुष्य संपलं. नवा ३ च्या थोडा वरच दाखवतो. मग बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख घाला. वेळ मात्र भारतीय घालू नका. लिनक्स बायोसची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतं, म्हणून सकाळी १०:३० वाजता तिथे ०५:०० लिहायचं. सेव्ह करून मशीन चालू केलं की बहुतेक वेळा ते मुकाट्याने पुढे जातं. तरीही अडलं तरच एफएससीके चालवा, आणि त्याआधी डिस्कवरचं मुलांचं काम दुसरीकडे कॉपी करता येत असेल तर करून घ्या. तपासणीला चुकीच्या घड्याळाकडे दुर्लक्ष करायला लावणारी सेटिंगही आहे, काही जण तीच सुचवतील. माझं मत: सर्व्हरवर ती वापरू नका. मशीन चालू होईल, पण कोलिब्रीच्या अहवालात मुलांचा अभ्यास भलत्याच तारखेला पडेल.

आता लॅपटॉप. या पातळ, स्वस्त लॅपटॉपपैकी बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळा सेल नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. दीड महिना पत्र्याच्या बंद खोलीत पडून बॅटरी शून्यावर गेली की घड्याळही जातं. दोन प्रकारच्या लॅपटॉपवर दोन वेगळ्या तारखा दिसत असतील तर गोंधळू नका. डेबियनची टाइमसिंकडी ही वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ फाईलमध्ये जपते, म्हणून ते लॅपटॉप एप्रिलवर थांबतात. अँटीएक्समध्ये सिस्टिमडी (टाइमसिंकडी ज्याचा भाग आहे ती प्रणाली) नाही, म्हणून ते थेट बायोसच्या जुन्या तारखेवर जातात. घड्याळ मागे असलं की आज वैध असलेलं वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसतं, आणि एपीटी अपडेटही (प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्यांची यादी आणणारी आज्ञा) त्याच कारणाने अडतं. खात्री करायची असेल तर सर्व्हर सुरू झाल्यावर साध्या, प्रमाणपत्र न लागणाऱ्या एचटीटीपीवरचं किविक्स उघडून बघा. ते उघडलं आणि बाहेरचं उघडलं नाही, तर दोष घड्याळाचाच धरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक यापुढची आहे. वेळेचा प्रश्न कळला की माणूस सर्व्हरवर क्रोनी (वेळ घेणारा आणि इतरांना वाटणारा प्रोग्राम) बसवतो, ‘अलाउ १९२.१६८.१०.०/२४’ आणि ‘लोकल स्ट्रॅटम १०’ या ओळी (शाळेच्या नेटवर्कला, इंटरनेट नसतानाही, वेळ द्यायला सांगणाऱ्या) घालतो आणि सगळे लॅपटॉप त्याच्याकडून वेळ घेऊ लागतात. पद्धत बरोबर आहे, पण सर्व्हरचा सेल आधी बदललेला हवा आणि तारीख दोघांनी वाचलेली हवी. आमच्याकडे बायोसमध्ये वर्ष दहाने पुढचं पडलं आणि इंटरनेट नसलेल्या सर्व्हरने ते सगळ्यांना वाटलं. लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं तरी सर्व्हरला जोडताच तेच वर्ष परत यायचं. दोष मात्र दोन महिने ‘हलक्या लिनक्स’ला दिला गेला. डेबियनवर आणखी एक मेख आहे: बायोस दुरुस्त केला तरी टाइमसिंकडी आपल्या फाईलमधली पुढची वेळ परत आणते. म्हणून आधी ती सेवा थांबवा, तारीख बरोबर करा, मग /व्हार/लिब/सिस्टिमडी/टाइमसिंक मधल्या ‘क्लॉक’ फाईलवर टच (फाईलची तारीख आत्ताची करणारी आज्ञा) चालवा आणि शेवटी ‘एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू’ (मदरबोर्डच्या घड्याळात तीच वेळ लिहिणारी आज्ञा). महिन्यातून एकदा सर्व्हरला मोबाईलचा हॉटस्पॉट द्या, म्हणजे क्रोनी खरी वेळ स्वतः घेईल.

परवानगीच्या फंदात किती पडायचं ते तुम्ही ठरवा, माझा सल्ला अधिकृत नाही. पण ५० रुपयांच्या आसपासच्या सेलसाठी एका कार्यालयाने आमच्या अर्जावर ‘दुरुस्तीची तरतूद नाही, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा’ असं, म्हणजे मशीन नोंदीतूनच काढून टाका असं, लिहून दिलं होतं. चालू होऊ शकणारी मशीन डेडस्टॉक (शाळेच्या सामानाच्या) रजिस्टरमध्ये ‘नादुरुस्त’ म्हणून पडून राहिली आणि मुलांचं अख्खं सत्र गेलं, याचा राग अजून आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात ‘सुटे भाग’ म्हणून किरकोळ खर्च आधीच मंजूर करून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. डेबियन १३ ला ३२ बिटच्या इंटेल-एएमडी पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, त्यामुळे कुणी ३२ बिट प्रोसेसरची जुनी मशीन दान देत असेल तर घेण्याआधी तपासा. आणि पलूस, वाळवा, मिरजेकडचे कुणी हे वाचत असतील तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा आणि पावसाळ्यापुरता तरी सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या.

पुढच्या सुट्टीआधी लॅपटॉप ५० ते ६० टक्के चार्ज करून पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवू नका, आणि दर तीन आठवड्यांनी कुणीतरी चार्जिंगला लावायला हवं. सध्या त्या ५ अँटीएक्सवाल्यांच्या बायोसमध्ये कोणती तारीख दिसते तेवढी इथे लिहा, मग पुढचं सांगतो.