हमी नेमकी कशाची?

पत्र चिंचवडहून आलंय. वाचक 62 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी खासगी कंपनीतून निवृत्त. वहिनी 58 च्या. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. प्रश्न असा: 'नॉर्वेच्या किनाऱ्याने जहाजातून जाऊन नॉर्दर्न लाइट्स बघायचं आमचं फार वर्षांचं स्वप्न आहे. बर्गन ते किर्केनेस आणि परत, 12 दिवस. सहल कंपनीने दोघांचे साडेनऊ लाख सांगितले आहेत. सूर्याचा जोर ओसरत चाललाय, आता नाही तर पुढे 11 वर्षं थांबा, असं ते म्हणतात. एफडी मोडून या हिवाळ्यात जावं, की पॉलिसीचे पैसे येईपर्यंत थांबावं? बँकेतले साहेब म्हणतात, पॉलिसीवर कर्जही मिळेल.'

सोबत पैशांचा तपशील आहे, आणि पॉलिसीच्या कागदाची झेरॉक्स. तिच्यावर पॉलिसी विकणाऱ्या त्या साहेबांनी निळ्या पेनाने '86%' लिहून दोनदा गोल केलाय, शेजारी '÷ 7 = 12%+', खाली 'गॅरंटीड' आणि 'टॅक्स फ्री'.

सहलीचं नंतर बोलू. आधी तो निळा गोल.

पॉलिसी अशी आहे: वर्षाला 6 लाख, सात वर्षं, म्हणजे एकूण 42 लाख. पंधराव्या वर्षाअखेर 78 लाख. फायदा 36 लाख, 42 वर 36 म्हणजे 86 टक्के. इथवर बरोबर. पण त्याला सातने का भागलं? पैसे सात वर्षांत परत मिळत नाहीत, पंधरा वर्षांनी मिळतात. पहिला हप्ता 15 वर्षं अडकतो, शेवटचा 9, सरासरी 12. आता 72 चा नियम लावा, 72 ला वर्षांनी भागलं की दुपटीला लागणारा दर मिळतो: 12 वर्षांत पैसे दुप्पट व्हायला 6 टक्के लागतात. दुप्पट म्हणजे 84 लाख. तुम्हाला मिळणार 78. म्हणजे 6 सुद्धा नाही, सव्वापाच. बारा टक्के म्हणून विकलेला माल सव्वापाचचा निघाला, आणि तोही 75 व्या वर्षी हातात येणारा.

'टॅक्स फ्री' तर नाहीच नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता 5 लाखांच्या वर गेला, की मुदतपूर्तीच्या रकमेतला नफा करपात्र होतो. तुमचा 6 लाख आहे. हे साहेबांना माहीत नसेल तर त्यांनी विकायला नको होतं, माहीत असेल तर... असो. 36 लाख एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरले, तर आजच्या दरांनी सात-आठ लाख कर. तो वजा जाता परतावा सव्वाचारवर येतो.

आणि मुळात पगार थांबलेल्या माणसाला आयुर्विमा कशासाठी?

पण कमी परतावा हे तुमचं खरं दुखणं नाही. त्याने माणूस हळहळतो, बुडत नाही. बुडवणारी गोष्ट तुमच्याच तपशिलात आहे. घरखर्च महिना 45,000. ईपीएसची पेन्शन 6,000, तळेगावच्या फ्लॅटचं भाडं 14,000. तूट 25,000, म्हणजे वर्षाला 3 लाख. हाताशी आहेत 56 लाख: एफडीत 38, म्युच्युअल फंडात 10, बचत खात्यात 8. पॉलिसीचे दोन हप्ते भरून झाले, पाच बाकी.

म्हणजे पुढची पाच वर्षं दरवर्षी घरखर्चाचे 3 आणि हप्त्याचे 6 असे 9 लाख बाहेर जाणार. व्याज सुरुवातीला तीनेक लाख, मग मुद्दल घटेल तसं तेही घटणार. सात टक्के व्याज आणि सहा टक्के महागाई धरून मी वर्षावर वर्ष मांडून पाहिलं. सहल केलीत, तर 69 व्या वर्षी खात्यात खडखडाट. सहल रद्द केलीत, तरी 73 च्या आत तेच. पॉलिसीचे पैसे 75 ला. मधली वर्षं काय तळेगावचा फ्लॅट विकून काढणार? यात आजारपणाचा एक रुपयाही धरलेला नाही. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला असणार आणि नवा घेतल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. तो आधी घ्या.

तुम्ही साडेनऊ लाखांबद्दल विचारलंत. धोका 42 लाखांत आहे.

तेव्हा तिसरा हप्ता भरायचा नाही. गेलेले 12 लाख मनाला लागतील, पण ते वाचवायला आणखी 30 लाख घालणं म्हणजे बुडत्या म्हशीच्या शेपटीला धरणं. हप्ते थांबवले की पॉलिसी पेड-अप होते: सातपैकी दोन हप्ते भरले, तर ढोबळमानाने 78 च्या दोन सप्तमांश, म्हणजे 75 व्या वर्षी 22 लाखांच्या आसपास. दुसरा मार्ग सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी आत्ताच मोडून मिळेल ती रक्कम घ्यायची. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट किंवा जास्त असेल तर पेड-अप ठेवा, कमी असेल तर सरेंडर. माझा अंदाज, पेड-अपच जड निघेल. पॉलिसीवरच्या कर्जाचं तर नावही काढू नका. स्वतःचेच पैसे नऊ-दहा टक्क्यांनी उसने घ्यायचे, आणि कशावर, तर सव्वापाच मिळवणाऱ्या वस्तूवर.

त्या निळ्या गोलाची झेरॉक्स जपून ठेवा. ती घेऊन आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. पुण्यातच कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. तोंडी आश्वासनं सिद्ध होत नाहीत, पण इथे साहेबांनी स्वतःच्या हाताने गणित मांडून दिलंय.

आता वाचलेले 30 लाख. ते तुमच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा तेवढीच आहे आणि हे लिहिताना दर 8.2 टक्के आहे. तिमाहीला 61,500, म्हणजे महिना साडेवीस हजार. पेन्शन आणि भाडं धरून साडेचाळीस हजार झाले. खर्च 45. तूट 25,000 वरून साडेचार हजारांवर आली. उरलेल्या 26 लाखांत म्युच्युअल फंडाच्या 10 लाखांना हात लावायचा नाही, कारण योजनेचं व्याज वाढत नाही आणि भाजी वाढते. 6 लाख अडीअडचणीला. राहिले 10.

तर आता नॉर्वे.

जहाजवाल्यांची हमी तुम्ही पत्रात मोठ्या अक्षरांत लिहिली आहे: 'दिसले नाहीत तर पुन्हा फुकट!' ही हमी खरी आहे, पण वाचा. 1893 पासून या मार्गावर असलेली हुर्टिग्रुटेन ही कंपनी हिवाळ्याच्या पूर्ण फेरीत एकदाही लाइट्स दिसल्याची घोषणा झाली नाही, तर पुढच्या हंगामात सहा-सात दिवसांची दुसरी सफर देते. विमान, व्हिसा, मधली हॉटेलं तुमची. घोषणा रात्री दोनला झाली आणि तुम्ही रजईत राहिलात, तर तुम्हाला 'दिसले' असंच धरतात. म्हणजे हमी दुसऱ्या तिकिटाची आहे. आभाळ मोकळं राहील याची हमी कुणी देत नाही, आणि त्या किनाऱ्यावर ढगच जास्त फसवतात.

सूर्याचा जोर ओसरतोय हेही अर्धसत्य. या लाइट्सचा जोर सूर्याच्या 11 वर्षांच्या चक्रावर असतो, आणि त्याचा कळस 2024 च्या सुमारास होता हे खरं. त्याच वर्षी मे महिन्यात लडाखच्या हान्लेतूनही आभाळ लाल दिसलं होतं. पण जोर लागतो तो लाइट्स हान्लेपर्यंत यायला. ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात हे लाइट्स नेहमी असतात, उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर थेट त्याखाली आहे, तिथे मंद वर्षांतही ते दिसतात. 'आत्ता नाही तर 11 वर्षांनी' हे विक्रीचं वाक्य आहे, पॉलिसीवाल्यांकडेही असंच एक असतं: 'ही स्कीम 31 ला बंद होतेय.'

शिवाय 12 दिवसांच्या फेरीतल्या 11 रात्रींपैकी आर्क्टिक वृत्ताच्या वर असतात साधारण सहाच. जहाज 34 बंदरं घेत जातं. मध्यरात्री माल चढतो, गावातली माणसं पिशव्या घेऊन दोन बंदरांपुरती बसतात. तुकड्याचं तिकीट तुम्हालाही मिळतं. तेव्हा विमानाने ट्रॉम्सोला जा, चार रात्री राहा, मग जहाजाने किर्केनेस, तिथून विमानाने परत. किंवा बर्गन ते किर्केनेस एकमार्गी सात दिवस. फुकट सफरीची हमी जाईल, जाऊ द्या. दोघांचं सगळं मिळून 6 लाखांच्या आत बसवून द्या, असं सहल कंपनीला सांगा. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, वेगळा लावतील. तो रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, खर्च म्हणून मोजू नका. आणि डिसेंबरऐवजी मार्च धरा: दिवसा डोंगर दिसतात, रात्र पुरेशी काळी असते, विषुवदिनाच्या आसपास लाइट्सही जरा मेहेरबान असतात. तोवर मेडिक्लेमचंही उरकेल.

हप्त्याची तारीख 17 जानेवारी आहे आणि तो खात्यातून आपोआप वळता होतो. मँडेट रद्द करण्याचं पत्र या आठवड्यात शाखेत द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. साहेब चहा मागवतील, 'एवढा एक भरून टाका' म्हणतील. चहा घ्या.