विणकामाच्या जुन्या पुस्तिका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाईंच्या ट्रंकेत लोकरीच्या विणकामाच्या सात-आठ ब्रिटिश पुस्तिका सापडल्या. एकीवरही साल नाही. त्या कधीच्या, हे कसं ओळखायचं?

उत्तर : अशा पुस्तिकांवर सहसा साल नसतंच, पण खुणा भरपूर असतात. आधी किंमत पाहा. आकड्यापुढे पेन्ससाठी ‘डी’ हे अक्षर असेल, तर पुस्तिका फेब्रुवारी १९७१ पूर्वीची. त्यानंतर ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली आणि ‘पी’ छापू लागले. मग पत्ता. लंडनच्या टपाल विभागांना १९१७ मध्ये आकडे मिळाले, म्हणून ‘ई.सी.’ (लंडनच्या एका टपाल विभागाची अक्षरं) यापुढे आकडा असेल तर छपाई नक्कीच त्यानंतरची. पॅटन्स आणि बाल्डविन्स ही जोडनावं एकत्र दिसली तर १९२० नंतरची, कारण त्या वर्षी लोकरीच्या या दोन कंपन्या एक झाल्या.

सर्वांत बोलकी खूण कुपनांची. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ ते मार्च १९४९ या काळात होतं आणि विणायच्या लोकरीला दोन औंसांमागे एक कुपन लागे. म्हणून त्या वर्षांतले स्वेटर आखूड आणि अंगासरसे असतात, आणि उसवलेली, उरलेली लोकर खपावी म्हणून रंगीत पट्टे मुद्दाम घातलेले असतात. इतकी काटकसर करूनही ते नमुने देखणे आहेत; जपून ठेवा. भारतातल्या दुकानाने शिक्का मारून आण्यांत किंमत लिहिली असेल, तर ती प्रत बहुधा १९५७ पूर्वी विकली गेली. चित्रातल्या केशरचनेवर मात्र भिस्त ठेवू नका. जुनाच फोटो पुढच्या छपाईतही वापरलेला असू शकतो.

प्रश्न : जुन्या अमेरिकी पुस्तिकेत १० नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. इथल्या १० नंबरच्या सुयांवर विणलं, तर कापड पुठ्ठ्यासारखं घट्ट झालं आणि माप निम्म्यावर आलं. लोकरीचा दोष का?

उत्तर : लोकर निर्दोष आहे. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकांनी विकल्या जातात. ते क्रमांक तारेच्या मापावरून आले, म्हणून आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची, म्हणजे आपली ४ नंबरची. तीच घ्या.

तरीही आधी नमुना विणाच. तीसेक टाके घालून चार इंच विणा, धुऊन वाळवा आणि कडा सोडून मधल्या भागातले टाके मोजा. ३६ इंच घेराच्या स्वेटरच्या पाठीला इंचाला ७ प्रमाणे १२६ टाके लागतात. तुमच्या हाताने इंचात साडेसहाच बसले, तर तेच टाके १९ इंचांच्या पुढे जातात आणि पूर्ण घेर जवळजवळ तीन इंचांनी वाढतो. टाके जास्त बसले तर सुई एका मापाने जाड घ्या, कमी बसले तर बारीक.

क्रोशातही हाच सापळा आहे. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे पूर्ण उंचीचा खांब, ज्याला ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणतात. पुस्तिका कुठली ते कळत नसेल, तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या पाहा. ‘डबल’साठी तीन साखळ्या असतील तर अमेरिकी, एकच असेल तर ब्रिटिश.

प्रश्न : १८४० च्या सुमाराच्या एका इंग्रजी पुस्तकाची स्कॅन प्रत मिळाली. खुणा आजच्या वाटतात, पण नक्षी जमत नाही.

उत्तर : तेव्हा खुणांचा एकच संकेत ठरलेला नव्हता. एडिंबरोत दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांचं पुस्तक १८४० मध्ये आलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यांच्याकडे ‘पी’ म्हणजे ‘प्लेन’, आपला सुलट टाका! आज तेच अक्षर उलट टाक्याचं आहे. उलटासाठी त्या ‘बी’ लिहीत, आणि भोक पाडणाऱ्या वाढीव टाक्यासाठी ‘ओ’. म्हणून अशा पुस्तकात खुणांचं पान आधी शोधा, मग पहिली ओळ आजच्या भाषेत उतरवून टाके मोजा. प्रत्येक ‘ओ’ एक टाका वाढवतो आणि दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. ओळीअखेर हिशेब जुळला नाही, तर वाचनात चूक आहे किंवा मुळात छपाईची चूक आहे. जाळीच्या नक्षीत अशा चुका बऱ्याच राहिल्या आहेत. मापं आणि इंचाला टाके किती हे त्या काळात क्वचितच लिहीत. फ्रान्सिस लँबर्ट यांनी मात्र त्याच दशकात सुया मोजायच्या मापकाचा आग्रह धरला, म्हणून नवख्यांना आम्ही त्यांच्या पुस्तकापासून सुरुवात सुचवतो. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विणकाम संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली अनेक पुस्तकं इंटरनेटवर मोफत वाचता येतात; तुमच्या प्रतीत पान पुसट असेल, तर तिथे त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती शोधून ताडून पाहा.